लिहिण्याआधी आणि नोटीस आल्यावर: अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायदेशीर मर्यादा

कुणाच्या भावना दुखावल्या, एवढ्यावरून भारतात गुन्हा होत नाही. बातम्या रोज याच्या उलट सांगतात, म्हणून यावर चटकन विश्वास बसत नाही. स्टेटस ठेवलं, गुन्हा दाखल. कविता म्हटली, गुन्हा दाखल. पण गुन्हा दाखल होणं आणि गुन्हा घडलेला असणं यांत मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसाची उमेदीची वर्षं, नोकरी आणि झोप जाते. ते अंतर पार करावं लागू नये म्हणून लिहिण्याआधी काय तपासायचं, आणि तरीही ठाण्यातून बोलावणं आलंच तर काय करायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकील लागतोच. पण त्याच्यासमोर बसताना काय विचारायचं, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

पहिली पायरी: आठ कारणं माहीत करून घ्या

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने भारतीय नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं. त्यावर सरकार कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालू शकतं, ते अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिलं आहे: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. या आठांच्या बाहेर निर्बंध नाही, आणि आठांतलं कारण असलं तरी निर्बंध वाजवी असावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही यादी संपूर्ण आहे, तिच्यात नवं कारण घुसवता येणार नाही, असं पुन्हा स्पष्ट केलं.

सगळी कारणं पहिल्या दिवसापासून नव्हती. मुंबईहून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९५० मध्ये बेकायदा ठरवली आणि पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ यादीत आली. सार्वभौमत्व आणि एकात्मता १९६३ मध्ये आली.

आता यादी पुन्हा वाचा. तिच्यात ‘भावना’ नाही, ‘नेत्यांचा मान’ नाही, ‘सरकारची प्रतिमा’ही नाही. कुणी धमकावलं की ‘केस ठोकतो’, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: या आठांपैकी कोणतं?

दुसरी पायरी: तुमचं लिखाण चर्चा आहे, पुरस्कार आहे की चिथावणी?

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक दिलं. दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल प्रकरण उभं राहिलं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवलं. त्या निकालाने एक उपयोगी मोजपट्टी दिली. एखाद्या विषयाची चर्चा करणं आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणं, मग ते मत कितीही अप्रिय असो, हा स्वातंत्र्याचा गाभाच आहे. बोलणं चिथावणीच्या पातळीला पोचलं, तरच कायदा हात घालू शकतो.

उदाहरण घेऊ. ‘हा कायदा शेतकऱ्यांवर अन्याय करणारा आहे’ ही चर्चा. ‘तो मागे घेईपर्यंत सर्वांनी शांततेने आंदोलन करावं’ हा पुरस्कार. ‘उद्या तहसील कचेरी पेटवू, रॉकेल घेऊन या’ ही चिथावणी. पहिली दोन वाक्यं कितीही तिखट करा, जात तीच राहते. तिसरं कितीही गोड शब्दांत लिहा, तेही तेच राहतं. क्रियापद तपासायची सवय लावून घ्या: वाचणाऱ्याला आपण काय करायला सांगतोय? त्यात मारणं, जाळणं, हाकलणं, ‘बघून घेणं’ येत असेल तर ते वाक्य खोडा.

सरकारवरच्या टीकेबद्दल १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालापासून हीच रेषा आहे: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याची प्रवृत्ती नसेल तर कठोर टीकाही राजद्रोह नाही. राजद्रोहाच्या ज्या १२४अ कलमाखाली टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडलं, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवलं. मात्र १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम १५२ आलं. फुटीरतेला, सशस्त्र बंडाला, देशाचं सार्वभौमत्व धोक्यात आणणाऱ्या कृतींना उत्तेजन दिल्याबद्दल त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सरकारच्या धोरणावरची टीका त्यात बसत नाही. तरी हे कलम लावल्याचं कळलं तर त्याच दिवशी वकील गाठा. पुढे नोटिशीबद्दल जे संरक्षण सांगितलं आहे, ते इथे गृहीत धरू नका.

तिसरी पायरी: धर्म, जात, भाषा आली की दोनदा वाचा

महाराष्ट्रात पुष्कळ माणसं अडकतात ती इथे, म्हणून थोडं सविस्तर.

न्याय संहितेचं कलम १९६ (जुनं १५३अ) गटागटांत वैर वाढवण्याबद्दल आहे. गट धर्माचा किंवा जातीचाच असला पाहिजे असं नाही. जन्मस्थान, वास्तव्य आणि भाषाही त्यात आहे. परप्रांतीयांबद्दल किंवा मराठी माणसांबद्दल द्वेष पसरवणारं लिखाणही याच कलमात येतं. भाषेच्या न्यायासाठी आग्रह धरणं वेगळं आणि ती भाषा बोलणाऱ्या माणसांना धडा शिकवायला सांगणं वेगळं. मी स्वतः मराठीच्या आग्रहाच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच आपल्या बाजूने ही रेषा ओलांडली जाते तेव्हा जास्त वाईट वाटतं.

या कलमात हेतू सिद्ध व्हावा लागतो. शिवाजी महाराजांवरच्या एका इंग्रजी पुस्तकावरून झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच म्हटलं: हेतू हा गुन्ह्याचा गाभा आहे, आणि लिखाण सगळं मिळून वाचायचं, सुटी वाक्यं उचलून नाही. मग वाचणारा कुठला धरायचा? याचं उत्तर नागपुरात दिलं गेलं. तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर लिहून ठेवलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने मोजावा. डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेने मोजू नये.

ही कसोटी आजही जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसला ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: अनुच्छेद ३७० रद्द केल्याचा निषेध करणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला सदिच्छा देणं म्हणजे वैर पसरवणं नाही. त्या स्टेटसशी मी सहमत आहे की नाही, हा प्रश्नच नाही. मला न पटणाऱ्या माणसाला मिळालेलं संरक्षण उद्या माझ्याही कामी येणार आहे.

कलम २९९ (जुनं २९५अ) धार्मिक भावनांबद्दल आहे, पण त्यात ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ ही अट आहे. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवल्यावरून त्याच्यावर खटला भरला होता. नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात येत नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो रद्द केला.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं गणित वेगळं आहे आणि ते योग्यच आहे. या जातीजमातींतल्या व्यक्तीचा लोकांसमोर जातीवरून अपमान केला तर तो गुन्हा आहे. या समाजांना परमआदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी किंवा अन्य मार्गाने अनादर करणं हाही वेगळा गुन्हा आहे. बाबासाहेबांबद्दल ‘गंमत म्हणून’ पुढे ढकललेलं चित्र इथे येऊ शकतं. अटकपूर्व जामीन या कायद्यात सहसा मिळत नाही. तक्रारीतून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तेवढाच अपवाद.

चौथी पायरी: माणसाचं नाव घेताय? कागद दाखवा

अब्रूनुकसानीचे दोन रस्ते आहेत. दिवाणी दाव्यात भरपाई मागतात, आणि तो साधारण एका वर्षाच्या आत करावा लागतो. फौजदारी तक्रार न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली असते. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. फौजदारी अब्रूनुकसानी रद्द करावी अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये फेटाळली. मला तो निकाल पटत नाही. शब्दांसाठी तुरुंगाची भीती असू नये. पण आज कायदा तो आहे.

हा अदखलपात्र गुन्हा आहे. ‘अब्रूनुकसानीचा एफआयआर’ अशी धमकी कुणी दिली तर पोलिसांना तो थेट नोंदवता येत नाही, हे लक्षात ठेवा. बाधित व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते, आणि नव्या प्रक्रियेत दखल घेण्याआधी तुमचंही म्हणणं ऐकावं लागतं.

बचावाचे अपवाद कायद्यातच दिलेले आहेत, एकूण दहा. आपल्या कामाचे प्रामुख्याने दोन. एक, विधान खरं असणं आणि ते सार्वजनिक हितासाठी असणं. फौजदारी प्रकरणात दोन्ही लागतात. दुसरा, लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने मांडलेलं मत. यातून लिहिण्याची एक पद्धत निघते. गावच्या पाणी योजनेबद्दल लिहायचं आहे असं समजा. ‘सरपंचाने पैसे खाल्ले’ असं लिहिलं तर खाल्ल्याचा पुरावा तुम्हाला द्यावा लागेल. त्याऐवजी लिहा: ‘माहिती अधिकारात मिळालेल्या कागदानुसार योजनेचं बिल अमुक तारखेला अदा झालं. आज प्रत्यक्ष पाहिलं तर पाइप टाकलेला नाही. ग्रामपंचायतीने खुलासा करावा.’ सोबत कागदाचा आणि जागेचा फोटो. दुसरं लिखाण कायद्यात भक्कम आहेच, शिवाय सरपंचाला ते जास्त झोंबेल, कारण त्याला उत्तर द्यावं लागेल.

ग्रामपंचायत, नगरपालिका, शासन यांना संस्था म्हणून अब्रूनुकसानीच्या भरपाईचा दावा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालात आहे. त्याच निकालानुसार अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दलचं विधान चुकीचं निघालं, तरी खऱ्याखोट्याची पर्वा न करता केलेलं असल्याशिवाय त्याला भरपाई मिळत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी खातरजमा केल्याची नोंद ठेवा: कुणाला फोन केला, कधी केला, काय उत्तर आलं. अधिकाऱ्याच्या घरच्यांबद्दल, खासगी आयुष्याबद्दल मात्र यातलं काहीच लागू नाही. तिकडे जाऊच नका.

पाचवी पायरी: फॉरवर्ड करताना

‘मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं’ हा बचाव नाही. न्याय संहितेचं कलम ३५३ खोटी माहिती आणि अफवा प्रसृत करण्यालाही लागू होतं. माहिती खरी मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, तर त्यात अपवाद आहे. पण मूल पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ कुठला, कधीचा हे न बघता पाठवणाऱ्याला वाजवी कारण कुठून दाखवता येणार? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जुलै २०१८ मध्ये अशाच अफवेतून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. मला हा लेख लिहावासा वाटतो त्यात राईनपाड्याचाही वाटा आहे.

ग्रुप ॲडमिनला थोडा दिलासा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुराबद्दल ॲडमिन दोषी धरता येत नाही. तरी भडक मजकूर दिसला की काढा आणि का काढला ते ग्रुपवर लिहा. ती ओळ पुढे तुमचा पुरावा होते.

सहावी पायरी: जिथे वाद घालायला जागाच नाही

लैंगिक अत्याचारपीडित व्यक्तीची ओळख उघड करायची नाही. सहानुभूतीनेही नाही, ‘न्याय मिळावा’ म्हणूनही नाही. नाव, फोटो, शाळा, गल्ली, काहीच नाही. बालकांबाबत हे आणखी कडक आहे.

अश्लीलतेची कसोटी आता समकालीन समाजाच्या मापाने लावतात. पण महात्मा गांधींवरची एक मराठी कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात छापली गेली, तिचं प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं तेव्हा न्यायालयाने म्हटलं की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर हे माप अधिक कठोर होतं. माफी मागणारे प्रकाशक-मुद्रक सुटले, कवीची सुटका झाली नाही. हा निकाल कवींच्या डोक्यावर टांगता राहिला आहे, आणि त्याचा फेरविचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

न्यायालयाच्या निकालावर टीका करायला १९७१ चा अवमान कायदाच परवानगी देतो, टीका न्याय्य असली म्हणजे झालं. निकाल कसा चुकला ते लिहा. न्यायाधीशाने पैसे घेतले असं पुराव्याविना लिहू नका.

सातवी पायरी: तुम्ही कोण, कुठून लिहिताय

सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. गुन्हा नसलेल्या पोस्टवरूनही खातेनिहाय चौकशी होऊ शकते. खासगी कंपनीत नेमणूकपत्र आणि समाजमाध्यम धोरण वाचा. दुबई किंवा अबुधाबीत असाल तर तिथल्या सायबर कायद्यात व्हॉट्सॲपवरची शिवीगाळसुद्धा फौजदारी गुन्हा ठरते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला न्याय संहिताही लागू राहते, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला अनुच्छेद १९ चं संरक्षण मिळत नाही, ते फक्त नागरिकांना आहे.

आठवी पायरी: बोलावणं आलं तर

घाबरून पोस्ट, चॅट किंवा खातं पुसू नका. तक्रारीआधी चूक लक्षात आली तर दुरुस्ती करून खुलासा टाकणं उत्तम. पण चौकशी सुरू झाल्यावर पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं ठरू शकतं, आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे. उलट मूळ पोस्ट, तिच्याखालचे प्रतिसाद आणि मागचापुढचा संदर्भ तारीख-वेळ दिसेल असा जपा. संदर्भ बहुतेक वेळा तुमच्याच बाजूने बोलतो.

‘जरा ठाण्यात येऊन जा’ असा फोन आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५(३) ची नोटीस द्यावी लागते. ही नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ सांगणारा तर भामटाच असतो. नोटीस खरी असेल तर तिच्यातल्या तारखेला जा, जाताच येत नसेल तर लेखी कळवा. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. न पाळणाऱ्याने हे कवच स्वतःच काढून ठेवलेलं असतं.

एफआयआरची प्रत घ्या आणि कलमं तपासा. ६६अ दिसलं तर वकिलाला तिथेच थांबवून दाखवा. ते रद्द होऊनही लावलं जात होतं, म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा २८ मार्च २०२५ रोजी रद्द करताना न्यायालयाने म्हटलं की अभिव्यक्तीच्या प्रकरणांत पोलिसांनी ही चौकशी करणं योग्य ठरेल. तुमच्या बाबतीत ती झाली का, हे वकिलाकरवी विचारा.

फोन जप्त करत असतील तर जप्तीचं चित्रीकरण आणि पंचनाम्याची प्रत मागा. अटक झालीच तर तिची कारणं लेखी, तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळाली पाहिजेत, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे. न वाचलेल्या कागदावर सही नाही. ठाण्यात जमाव माफीनामा मागत उभा असेल तर संरक्षण मागा; लोक दंगा करतील या धाकाने अभिव्यक्ती दाबता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच म्हटलं आहे. व्हिडिओवर माफी मागायला लावणं हा कायदेशीर प्रक्रियेचा भागच नाही.

नववी पायरी: गुन्हा रद्द करून घेणं

कलमांच्या आकड्यांत इथे घोळ होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाचे अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याचे अधिकार ५२८ मध्ये आहेत. अर्ज आपल्या जिल्ह्याप्रमाणे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोवा येथे जातो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, त्यामुळे या जिल्ह्यांतल्या लोकांची मुंबईची फेरी वाचली. अर्जात भावनिक मजकूर कमी आणि तीन मुद्दे ठळक असू द्या: मजकूर संपूर्ण वाचला तर काय अर्थ होतो, हेतूचा पुरावा कुठे आहे, आणि आठांपैकी कोणतं कारण लागतं. कलम १९६ आणि २९९ च्या खटल्याची दखल घेण्यापूर्वी न्यायालयासमोर शासनाची मंजुरी असावी लागते. ती नसेल तर तोही मुद्दा घ्या.

पैशाअभावी कुणी मागे राहू नये. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० या क्रमांकावर फोन लागतो. अर्जासोबत आधार कार्ड, एफआयआर किंवा नोटिशीची प्रत आणि असेल तर उत्पन्नाचा वा जातीचा दाखला न्या.